उघडी चोच

अमेरिकेत राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हमिंगबर्ड दाखवा. तो लगेच सांगतो, "अरे, हे तर आमच्या मामाकडे कोकणात जास्वंदीवर ढिगाने यायचे!" नाही यायचे. तुमच्या मामाकडे यायचे ते शिंजीर. शिंजीर बहुतेक वेळा काडीला धरून, मान वाकडी करून मध पितो. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत उभा राहतो आणि मनात आलं तर मागे मागेही उडतो. दोघांचं एकमेकांशी कसलंही नातं नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर सापडतात, भारतात एकही नाही. हे मी न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या बार्बेक्यूंमध्ये, एडिसनच्या डोहाळजेवणांत, लोकांच्या डेकवर आणि ड्राइव्हवेत इतक्या वेळा सांगितलंय, की मी बोलायला लागले की माझा नवरा चटणी आणायला आत जातो.

मी कऱ्हाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. पक्षी हा माझा विषय. लग्न करून इथे आले आणि काही वर्षं व्हिसामुळे घरातच बसले. आता एका औषधकंपनीत दुसऱ्यांनी भरलेले कागद बरोबर आहेत का ते तपासते. काम वाईट नाही. पण या देशात आल्यापासून मला कोणी पक्ष्यांबद्दल एक प्रश्न विचारलेला नव्हता. जो तो मलाच सांगायचा.

म्हणून आमच्या मराठी मंडळाच्या कॅलेंडरसाठी काकांचा फोन आला तेव्हा मला झालेला आनंद खोटा नव्हता.

हे काका नात्यातले नाहीत. आम्ही या देशात उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. पहिल्या थंडीत स्वतःच्या घरातले दोन जाड कोट घेऊन आले, सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात आमच्याबरोबर रांगेत उभे राहिले. आयटीतून रिटायर झाल्यावर त्यांनी फोटोग्राफीचा नाद लावून घेतला. त्यांची एक लेन्स आमच्या मोठ्या कुकरएवढी आहे. त्या वर्षी ते आणि काकू पक्ष्यांचे फोटो काढायच्या टूरवर इक्वाडोरला जाऊन आले होते आणि मंडळाने ठरवलं होतं, की पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर काकांचे हमिंगबर्ड घ्यायचे.

हे कॅलेंडर म्हणजे आमच्याकडची मोठी गोष्ट आहे. त्यात तिथी इथल्या वेळेप्रमाणे असतात आणि संकष्टीचा चंद्रोदय न्यू जर्सीचा असतो. भारतातलं कॅलेंडर इथे चालत नाही, त्यामुळे हे घरोघरी फ्रिजच्या बाजूला लागतं आणि वर्षभर तिथून हलत नाही; कव्हरचं चित्र वर कायम राहतं, खाली महिन्यांची पानं उलटतात.

"पोरी, तू झूलॉजीवाली," काका फोनवर म्हणाले. पन्नाशीला आलेल्या बाईला पोरी म्हणणारे ते एकटेच उरलेत. "मी फोटो पाठवतो. प्रत्येकाचं नाव आणि दोन-दोन ओळी लिही. कुठे राहतो, काय खातो वगैरे. तुझं नाव टाकू आपण, प्राध्यापक म्हणून."

फोटो व्हॉट्सॲपवर आले. मी विचारलं, कुठे काढलेत? इक्वाडोर, ते म्हणाले. इक्वाडोरमध्ये कुठे? कुठल्या उंचीवर? डोंगराच्या कुठल्या अंगाला?

"अगं, बसमध्ये झोप लागायची. डोंगर होता एवढं नक्की."

हमिंगबर्ड ओळखायला नुसता रंग पुरत नाही. त्याचा रंग उजेडावर असतो. मान जरा वळली की जांभळ्याचा काळा होतो, काळ्याचा हिरवा. म्हणून जागा माहीत असावी लागते. आपल्या घाटावर उभं राहिलं तर एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला देश, आणि दोन्हीकडचा पाऊस वेगळा, झाडं वेगळी. इक्वाडोरचे डोंगर आपल्या घाटाच्या कितीतरी पट उंच आहेत, पण गोष्ट तीच. पश्चिमेचा उतार समुद्राकडे तोंड करून उभा आहे आणि तिथे ढग जंगलातच येऊन बसतात. पूर्वेचा उतार ॲमेझॉनकडे उतरतो. या बाजूचे कितीतरी पक्षी त्या बाजूला सापडतच नाहीत. हे मी काकांना समजावून सांगितलं. "इंटरेस्टिंग," ते म्हणाले, आणि मला अजून चार फोटो पाठवले.

बाकीचे पक्षी मी त्या आठवड्यात ओळखले. एक मात्र अडला. काकांच्या मते तो काळा होता. पण मी फोटो मोठा करून पाहिला तर पोट आणि पाठ गडद जांभळी होती आणि खांद्यापाशी निळ्या-हिरव्याची झाक होती. शेपटी उघडली की बाजूची पिसं फिकट, दालचिनीत दूध घातल्यासारखी. आणि पायांशी पांढरे बारीक पुंजके. एका फोटोत तो नुकताच फांदीवर उतरला होता आणि दोन्ही पंख वर उभे धरून बसला होता. काकांनी त्याला नाव दिलं होतं, 'नमस्कार करणारा पक्षी'.

तो नमस्कार नव्हता. फांदीवर टेकल्यावर क्षणभर पंख उभे धरायची सवय हमिंगबर्डच्या एका लहानशा कुळाला आहे. तिथून पुढे सोपं होतं. त्या कुळात असा जांभळा एकच, व्हेल्व्हेट-पर्पल कोरोनेट. मखमली जांभळा. तो राहतो कोलंबियाच्या नैर्ऋत्येला आणि इक्वाडोरच्या वायव्येला, फक्त डोंगराच्या पश्चिम उतारावर, ढगांच्या ओल्या जंगलात. जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याच्यात मादीही जवळजवळ नराइतकीच देखणी असते, ही हमिंगबर्डमध्ये कमी दिसणारी गोष्ट. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते. असा पक्षी मी कधी पाहिला नव्हता आणि पाहणारही नव्हते, पण माझ्या दोन ओळींनी तो पार्सिपनीच्या घराघरांत ओळखला जाणार होता. कोणीतरी फ्रिजमधून दूध काढताना वाचेल, की हा फक्त तिथेच राहतो. मला एवढंच हवं होतं.

काका म्हणाले, "ॲमेझॉन लिहून टाक गं. लोकांना ॲमेझॉन कळतं."

"काका, तो ॲमेझॉनच्या बाजूला नसतोच."

"बरं बरं, तू एक्स्पर्ट."

मग त्यांनी कव्हरचे फोटो पाठवले. तोच पक्षी, पण घरट्यावर बसलेला. म्हणजे ती मादी. काका फोनवर लहान मुलासारखे खूश होते. "नेस्ट मिळणं फार रेअर, टूरवाले म्हणाले. आणि बघ कशी गातेय, माझ्यासाठी पोझ दिल्यासारखी!"

फोटो सुरेख होता, हे मी नाकारत नाही. शेवाळाची वाटी, बाहेरून दगडफूल चिकटवलेली, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेली. आपण गोड्या मसाल्यात घालतो तसलंच दगडफूल. त्यात ती बसलेली, पाठीवरचा एकूण एक रंग उन्हात पेटलेला, चोच उघडी. मी पाहत राहिले आणि मग माझ्या लक्षात आलं, की मला ती इतकी स्वच्छ दिसतेय हेच बरोबर नाही. तिच्या मागे कोवळं हिरवं धुकं होतं, पण वर काहीच नव्हतं. घरट्यावर नेहमी काहीतरी असतं. एक मोठं पान, फांदीचा वाकलेला भाग, काहीतरी. त्याशिवाय कुठलीही मादी जागा धरत नाही. मी फोटो मोठा केला. घरट्याच्या वरच्या अंगाला तीन फांद्या तिरक्या कापलेल्या होत्या. आतलं लाकूड पांढरं, ओलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती गात नव्हती. पक्ष्यांना घाम येत नाही. उन्हाने काहिली झाली की ते चोच उघडी ठेवून भराभर श्वास घेतात, कुत्रा धापा टाकतो तसं. घरट्यात दोन अंडी असणार, पांढऱ्या राजम्याच्या दाण्याएवढी. उठली तर ती उन्हात भाजतील, म्हणून ती उठत नव्हती. नर मदतीला येत नाही, हमिंगबर्डमध्ये सगळं तिच्या एकटीवर असतं. ती समोर लेन्स घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे पाहत बसून राहिली होती, आणि माणसं म्हणत होती, पोझ देतेय.

एकाच घरट्याचे बरेच फोटो होते. सगळ्यांत चोच उघडी, फक्त एकात मिटलेली. तो फोटो काळपट होता, सगळ्यावर निळसर सावली. वाटलं, ढग आला असेल. काकांनी त्याखाली लिहिलं होतं, 'हा डार्क आलाय, सोड.'

मी त्यांना फोन लावला.

"काका, या फांद्या कोणी कापल्या?"

"कुठल्या फांद्या?"

"घरट्यावरच्या. ताज्या कापलेल्या आहेत."

"हां, ते होय! गाईडने जरा क्लिअर केलं. अगं, आधी काही दिसतच नव्हतं. नुसती पानं."

"ती पानं तिचं छप्पर होतं."

"अगं, जंगल आहे ते. तिथे पानांना काय तोटा?"

"फोटो झाल्यावर परत झाकलं का कोणी? फांदी बांधली? काही केलं?"

"नंतर आमचं लंच होतं," काका म्हणाले.

माणूस दुष्ट असता तर मला इतका राग आला नसता. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हे काका रस्त्यावर गोगलगाय दिसली तर उचलून गवतात ठेवतात. आम्हाला थंडीत कोट देणारा हाच माणूस. त्या उन्हात बसलेल्या जिवाला मात्र त्यांनी कुकरएवढ्या भिंगातून तासभर पाहिलं आणि त्यांना ती दिसली नाही. त्यांना फोटो दिसला.

मी सांगितलं, की हा फोटो कव्हरवर जाणार असेल तर मी लिहीन ते खरं लिहीन. ते म्हणाले, लिही की, तुला कोण अडवतंय.

अडवलं माझ्या नवऱ्याने. "यार, कॅलेंडर आहे ते, तुझा थीसिस नाही. ती पानं आता परत येणार आहेत का?"

"नाही येणार. म्हणून गातेय म्हणायचं?"

"काही म्हणूच नकोस ना. पक्ष्याचं नाव टाक, हॅबिटॅट टाक, विषय कट कर. काकांनी आपल्यासाठी केलेलं विसरलीस तू? ते कोट..."

"कोट बेसमेंटमध्ये आहेत. उद्या ड्रायक्लीन करून परत देऊन येते."

तो हताश होऊन हसला. मी हसले नाही. उपकार ही आमच्या लोकांत मोठी सोयीची वस्तू आहे. एकदा केले की समोरच्याचं तोंड कायमचं बंद. कोट अंगात घातला होता मी, तोंडाला नव्हता बांधला.

मी लिहिलं: 'व्हेल्व्हेट-पर्पल कोरोनेट, मादी. इक्वाडोर आणि कोलंबियातल्या पश्चिम उतारावरच्या ढगांच्या जंगलातच राहते. या फोटोसाठी तिच्या घरट्यावरची पानं कापली आहेत. ती गात नाही. तिला ऊन सहन होत नाहीये.' तीन वेळा वाचून कमिटीला पाठवलं. कमिटीत हे काम बघणारी एक तरुण मुलगी होती. तिने उत्तरादाखल अंगठा आणि फूल पाठवलं. मला वाटलं, झालं.

डिसेंबरमध्ये प्रकाशन होतं, शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेऊन. दारातच कॅलेंडरांचा गठ्ठा होता. मी एक उचललं. कव्हरवर ती होती, रंग अजूनच भडक केलेले. खाली लिहिलं होतं: 'ॲमेझॉनच्या घनदाट अरण्यात आनंदाने गाणारी ही जांभळी राणी आपल्या घरी सुख, समृद्धी आणि सुरांची बरसात करो.' आणि त्याखाली माझं नाव. आडनावासकट, मागे प्राध्यापक लावून. या देशात मराठीत माझं नाव छापलं गेलं ते पहिल्यांदा, आणि ते या वाक्याखाली.

मी त्या मुलीला बाजूला घेतलं. ती बिचारी गोंधळली. "ताई, ते जरा निगेटिव्ह वाटत होतं. किचनमध्ये लागणार ना. म्हणून मी एआयला सांगितलं, थोडं पॉझिटिव्ह करून दे. त्याने मराठी किती छान लिहिलंय! तुम्हाला नाही आवडलं?"

तिच्यावर मी काय ओरडणार? फोटो काढणाऱ्याला दिसली नाही, छापणारीला दिसली नाही, तर यंत्राला कुठून दिसणार. पण अंगाचा तिळपापड झाला होता. स्टेजवर काकांचा सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला, आणि निवेदिका म्हणाली, "आता आपल्या पक्षीतज्ज्ञ ताई दोन शब्द बोलतील."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी स्टेजवर गेले.

"या पक्षिणीचं घर ॲमेझॉनमध्ये नाही," मी म्हणाले. "आणि ती गात नाहीये. हमिंगबर्डची मादी अंड्यांवर बसून गात नसते. फोटो नीट यावा म्हणून तिच्या डोक्यावरची पानं कापली आहेत. कापलेल्या जागा फोटोत दिसतात, घरी गेल्यावर बघा. ती उन्हात भाजतेय, म्हणून चोच उघडी आहे. उठली तर अंडी मरतील म्हणून ती उठत नाहीये. फोटो काढून झाल्यावर सगळे जेवायला गेले. कोणी काही झाकलं नाही. खाली माझं नाव छापलंय, पण ते वाक्य माझं नाही."

मला वाटलं, पोचलं. आता काका उठतील, चिडतील, कोणीतरी काहीतरी बोलेल. आणि मग टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतून सुरू झाल्या, आणि सुरू केल्या त्या काकांनीच. निवेदिका म्हणाली, "वा! किती छान माहिती! आणि मंडळी, वडे गरम आहेत, रांग डावीकडून." खुर्च्या सरकल्या.

काका मला रांगेत भेटले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बोललीस छान. जरा सीरियस झालं, पण मुलांना कळायला हवं नेचरबद्दल. पुढच्या वर्षी चल तू आमच्याबरोबर."

मी वड्याची प्लेट तशीच ठेवून कोट घ्यायला दारापाशी आले. तिथे काकू उभ्या होत्या. एवढ्या वर्षांत या बाईंनी माझ्याशी साबुदाण्याची खिचडी आणि गुडघेदुखी सोडून तिसरा विषय काढलेला मला आठवत नाही. त्यांनी कोटांच्या मागे मला ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "तो डार्क फोटो तुला पाठवला होता का त्यांनी?"

"चोच मिटलेला? हो."

"ती माझी छत्री होती. निळी." काकू माझ्याकडे पाहत नव्हत्या. "तिकडे कधीही पाऊस येतो म्हणून मी जवळ ठेवायचे. त्या दिवशी मेलं ऊनच फार होतं. मला बघवेना गं. ते लेन्स बदलत होते, तेवढ्यात मी माझ्या काठीला लावून तिच्यावर धरली. मिटली लगेच चोच. तशी बसली होती बघ गप्प."

"मग?"

"मग त्यांनी एक फोटो काढला आणि म्हणाले, सावली येतेय, बाजूला हो."

"आणि तुम्ही?"

"झाले बाजूला," काकू म्हणाल्या.

मला त्यांचाही राग आला. खोटं का सांगू? सगळ्यांत जास्त त्यांचाच आला. काकांना दिसलं नव्हतं, यांना दिसलं होतं. "तुम्ही तिथे बोलायचं होतं," मी म्हणाले. "आत्ता बोलायचं होतं, मी स्टेजवर होते तेव्हा." काकूंनी माझा कोट हँगरवरून काढला, माझ्या हातात दिला आणि वड्यांच्या रांगेत जाऊन काकांची प्लेट धरून उभ्या राहिल्या.

त्या वर्षी मी ज्या ज्या घरी गेले, तिथे ती फ्रिजच्या बाजूला होती. संकष्टीला लोक चंद्रोदय बघायला तिच्यासमोर उभे राहायचे. मला ओळखून म्हणायचे, "ही बघा तुमची! किती गोड गातेय नाही?" ज्यांनी माझं भाषण ऐकलं होतं आणि टाळ्या वाजवल्या होत्या, तेही म्हणायचे. मी दर वेळी सांगायचे आणि दर वेळी कोणीतरी चटणी आणायला आत जायचं.

आमच्या घरी मी ते कॅलेंडर लावलं नाही. काकांकडून तो काळपट फोटो मोठ्या आकारात मागून घेतला. "कशाला? त्यात काही नाहीये," ते म्हणाले, पण पाठवला. तो आमच्या फ्रिजवर आहे. येणारे-जाणारे जवळ जाऊन डोळे बारीक करतात आणि विचारतात, काय आहे हे, काहीच दिसत नाही.

"चोच बघा," मी म्हणते. "मिटलेली आहे."